काउन्सिलपुढे रेल्वे आणि केबल: तीन मिनिटांत नेमकं काय मागावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वॉशिंग्टन राज्यात, सिॲटलच्या पूर्वेकडच्या तुमच्या उपनगरात सिटी काउन्सिलपुढे येत्या दोन बैठकांत दोन विषय येताहेत. एक, रेल्वे चालवणाऱ्या साउंड ट्रान्झिट या संस्थेच्या विस्तारात शहराने काय भूमिका घ्यायची. दुसरा, केबल कंपनीच्या फ्रँचायझीचं, म्हणजे शहराशी असलेल्या कराराचं, नूतनीकरण. गाडीच्या नोंदणीला दरवर्षी भरमसाट पैसे जातात, इंटरनेटचं बिल वाढतच चाललंय, आणि साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाईंना बसस्टॉपपर्यंत जायला धड फुटपाथ नाही. माइकपुढे तीन मिनिटं मिळतात. काय बोलावं, आणि बोलून काही होतं का?

होतं. मी 22 वर्षं याच भागातल्या नगरपालिकांच्या सार्वजनिक बांधकाम विभागात राइट ऑफ वेचं टेबल सांभाळलं. राइट ऑफ वे म्हणजे रस्ता, फुटपाथ आणि त्यांच्या कडेची शहराच्या ताब्यातली पट्टी. त्या पट्टीत कोणी काय पुरायचं, उभारायचं, टांगायचं, याची परवानगी आमच्या टेबलावरून जायची. त्यामुळे काउन्सिलच्या कितीतरी बैठकांना मी कर्मचाऱ्यांच्या खुर्चीत बसून होते. माणसं कामावरून दमून येतात, मुलांना कुणाकडे तरी ठेवून येतात, पोटतिडकीने बोलतात, आणि त्यांची तीनही मिनिटं अशा गोष्टीवर जातात जी समोर बसलेल्या काउन्सिलच्या सात सदस्यांच्या हातातच नसते. सदस्य माना डोलावतात, आभार मानतात, पुढचं नाव पुकारलं जातं. ते बघताना मला दर वेळी वाईट वाटायचं. म्हणून उत्तर जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

अजेंड्यावर हे दोन विषय वेगळ्या पानांवर असतात. एक वाहतुकीचा, एक टीव्हीचा. प्रत्यक्षात दोन्ही एकाच गोष्टीचे आहेत: शहराचा रस्ता. रेल्वेला त्या रस्त्यावरून, त्याच्या वरून किंवा खालून जायचंय. केबल कंपनीच्या तारा त्याच रस्त्याच्या खांबांवर आणि पोटात आहेत. काउन्सिलची खरी ताकद या रस्त्यात आहे. करात नाही, भाड्यात नाही, चॅनेलच्या किमतीत तर मुळीच नाही. तुमच्या मागणीचा धागा रस्त्याला जोडलेला असेल तर काउन्सिलला ती टाळता येत नाही, एवढं मनात ठेवून पुढचं वाचा.

आधी रेल्वे.

साउंड ट्रान्झिट ही तुमच्या शहराची संस्था नाही. किंग, पिअर्स आणि स्नोहोमिश या तीन काउंट्यांच्या शहरी भागाची ती प्रादेशिक संस्था. 1995 मध्ये मतदारांनी तिची पहिली योजना नाकारली, 1996 मध्ये लहान करून आणलेली मंजूर केली. पुढे 2007 मध्ये रस्ते आणि रेल्वे एकत्र बांधून मांडलेला प्रस्ताव पडला, 2008 मध्ये नुसत्या वाहतुकीचा मंजूर झाला, आणि 2016 मध्ये तिसरा, साधारण 54 अब्ज डॉलरचा, 62 मैल नव्या रेल्वेचा. म्हणजे या भागातली रेल्वे मतपेटीतून, एकदा नाही म्हणवून घेऊन, मग हो म्हणवून घेत आली आहे. तिच्या मंडळावर 18 जण असतात: 17 निवडून आलेले स्थानिक लोकप्रतिनिधी आणि राज्याचे परिवहन सचिव. काउंटीचे प्रमुख नावं सुचवतात, काउंटी काउन्सिल शिक्कामोर्तब करते. तुमच्या शहराचा माणूस तिथे असेलच असं नाही.

कर मंडळ लावतं, तेही मतदारांनी दिलेल्या मर्यादेत. विक्रीकरात शेकडा 1.4 डॉलर. गाडीच्या किमतीवर 1.1 टक्का, म्हणजे 30,000 डॉलर मूल्य धरलेल्या गाडीला वर्षाला 330 डॉलर. शिवाय घराच्या मूल्यावर थोडा मालमत्ता कर, ज्याची 2016 मध्ये मंजूर झालेली कमाल दर हजारी 25 सेंट होती. गाडीच्या करावरचा तुमचा राग मला पूर्ण समजतो. 2016 नंतर लोक चिडले ते नुसत्या आकड्यावर नाही. गाडीचं मूल्य ठरवण्याचा जुना तक्ता नव्या गाड्यांची किंमत बाजारभावापेक्षा चढी धरत होता, म्हणून. 2019 मध्ये राज्यभरात 30 डॉलरच्या नोंदणीचा प्रस्ताव मतदारांनी मंजूर केला आणि 2020 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. पण या सगळ्यात तुमची सिटी काउन्सिल कुठेच नाही. तिथे गाडीच्या करावर बोललात तर तुमची तीन मिनिटं वाया गेली. तो विषय तुमच्या राज्य विधिमंडळाच्या प्रतिनिधीकडे न्या.

मार्गाचंही तसंच. राज्याच्या ग्रोथ मॅनेजमेंट कायद्यात ‘अत्यावश्यक सार्वजनिक सुविधा’ असा एक वर्ग आहे आणि प्रादेशिक रेल्वे त्यात येते. कोणतंही शहर अशा सुविधेला सरळ मज्जाव करू शकत नाही. परवान्याला अटी घालू शकतं, आणि खरी गंमत त्या अटींमध्ये आहे.

सिॲटलभोवतीच्या चार शहरांची उदाहरणं घ्या. आधी बेलव्ह्यू. डाउनटाउनमधून रेल्वे रस्त्यावरून न्यायची की बोगद्यातून, यावर तिथे वर्षानुवर्षं वाद झाला. बोगदा महाग. 2011 मध्ये शहराने साउंड ट्रान्झिटशी लेखी समझोता केला आणि बोगद्याच्या वाढीव खर्चातला 16 कोटी डॉलरपर्यंतचा वाटा उचलायची तयारी दाखवली. पुढे खर्च आटोक्यात ठेवायला डाउनटाउनचं स्टेशन जमिनीखालून वर आणलं, ते आज सिटी हॉलच्या शेजारीच आहे. कुणाला ते पटलं, कुणाला नाही. पण टेबलावर शहर होतं, कारण त्याने पैसा, जमीन आणि परवाने घेऊन वाटाघाटी केल्या. मर्सर आयलंडने वेगळी वाट धरली. आय-90 महामार्गावरच्या ज्या लेनमधून तिथले लोक एकटे गाडी चालवत जाऊ शकत, त्या रेल्वेसाठी गेल्या. शहर 2017 मध्ये कोर्टात गेलं, काही महिन्यांत तडजोड झाली, साधारण 1 कोटी डॉलर मिळाले, लेन काही परत मिळाल्या नाहीत. कर्कलंडमध्ये जुन्या रेल्वेमार्गावर पायवाट झाली होती. 2016 च्या योजनेआधी तिच्यावरून बस की रेल्वे यावर गाव पेटलं होतं. शेवटी लाइट रेल, म्हणजे हीच शहरी रेल्वे, शहराच्या दक्षिण टोकाला थांबवायचं ठरलं आणि जलद बसचं स्टेशन 85 व्या रस्त्यावर गेलं. शोरलाइनने भांडण्याऐवजी तयारी केली: दोन्ही स्टेशनांभोवतीचे बांधकामाचे नियम 2015 आणि 2016 मध्येच बदलून ठेवले, रेल्वे धावली ऑगस्ट 2024 मध्ये.

चारही शहरांत वजन पडलं ते योजना कागदावर असताना. मार्ग ठरून आराखडे छापले गेले की काउन्सिलकडे उरतात ते परवाने, रस्ते, फुटपाथ, सिग्नल आणि स्टेशनाभोवतीच्या जमिनीचे नियम. हे काही कमी नाही. तुमच्या भागात पहिली गाडी 27 एप्रिल 2024 ला धावली, साउथ बेलव्ह्यू ते रेडमंड टेक्नॉलॉजी, आठ स्टेशनं. 10 मे 2025 ला ती मेरीमूर व्हिलेज आणि डाउनटाउन रेडमंडपर्यंत गेली. साउथ बेलव्ह्यूला 1,500 गाड्यांची पार्किंगची इमारत आहे, मेरीमूरला 1,400 ची. आता विचार करा, त्या जागा सकाळी भरल्या की बाकीच्यांनी स्टेशनला पोचायचं कसं? चालत, सायकलने किंवा बसने. चालायचा रस्ता कोणाचा? शहराचा. बसस्टॉपसमोर रस्ता ओलांडायला सिग्नल कुणी लावायचा? शहराने. तो किती सेकंद हिरवा ठेवायचा? तेही शहरानेच.

तुमच्या सासूबाईंचा फुटपाथ इथे येतो. मी तर म्हणेन, रेल्वेच्या विषयात तुमची सगळ्यात भक्कम मागणी हीच आहे. 2016 च्या योजनेत स्टेशनांपर्यंत पायी आणि सायकलने पोचायच्या सोयींसाठी 10 कोटी डॉलरचा वेगळा निधी ठेवलेला आहे आणि त्यातून शहरांना स्पर्धा लावून अनुदान मिळतं. अर्ज शहराने करायचा असतो. काउन्सिलला विचारा: अमुक रस्त्यावरचा अमुक दोन चौकांमधला तुटलेला फुटपाथ आपल्या पुढच्या अर्जात आहे का? नसेल तर सहा वर्षांच्या वाहतूक आराखड्यात तो कितव्या वर्षात आहे? इतका नेमका प्रश्न आला की सिटी मॅनेजर किंवा महापौर बाजूला वळून अभियंत्याकडे बघतात, आणि अभियंत्याला दुसऱ्या दिवशी ईमेलने उत्तर द्यावंच लागतं. ते बघणं माझ्या वाट्याला पुष्कळदा आलंय, म्हणून खात्रीने सांगते.

रेल्वेबद्दल आणखी एकच गोष्ट. कधी विषय नव्या मतदानाचा असेल आणि काउन्सिल पाठिंब्याचा ठराव करणार असेल, तर वॉशिंग्टनच्या कायद्यानुसार सूचनेत त्या प्रस्तावाचं नाव आणि क्रमांक छापावा लागतो, आणि विरोधातल्या लोकांना जवळपास तितकीच संधी द्यावी लागते. शहराचा पैसा, इमारत किंवा कर्मचारी प्रचाराला वापरता येत नाहीत. तुम्ही कुठल्याही बाजूच्या असा, हा हक्क लक्षात असू द्या.

आता केबल. इथे गैरसमज जास्त आहेत, म्हणून थोडं सावकाश जाते.

आपल्याकडे केबलवाला म्हटलं की गल्लीतला ओळखीचा माणूस. 1995 च्या कायद्याखाली त्याची नोंदणी वर्षानुवर्षं मुख्य पोस्टात व्हायची आणि नगरपालिकेशी त्याचा संबंध आला तर खोदाईपुरता. अमेरिकेत 1984 च्या केबल कायद्याने शहराला मध्यभागी बसवलं. कंपनीला तुमच्या रस्त्यांतून तारा न्यायच्या तर शहराशी करार लागतो, त्याला फ्रँचायझी म्हणतात. टेक्सासने 2005 मध्ये आणि कॅलिफोर्नियाने 2006 मध्ये हा अधिकार शहरांकडून राज्याकडे नेला. वॉशिंग्टनमध्ये तो अजून शहराकडे आहे. म्हणून तर तुमच्या अजेंड्यावर तो विषय आलाय. ह्यूस्टन किंवा सॅन होजेच्या मित्रांनी ‘आमच्याकडे असं काही नसतं’ म्हटलं तर त्यामागचं कारण हे.

काउन्सिलच्या हातात काय नाही ते आधी. टीव्हीच्या पॅकेजची किंमत नाही. 2015 पासून केंद्रीय दळणवळण आयोगाने, म्हणजे एफसीसीने, सगळीकडे पुरेशी स्पर्धा आहे असंच गृहीत धरलंय, त्यामुळे मूळ पॅकेजच्या दरावरचं शहरांचं नियंत्रणही बहुतेक ठिकाणी संपलं. कोणतं चॅनेल दाखवायचं हेही नाही. मराठी चॅनेल पॅकेजमध्ये घाला अशी मागणी काउन्सिलपुढे करू नका, ती बेदखल होणार. आणि सगळ्यात महत्त्वाचं, इंटरनेट नाही. एफसीसीने 2002 मध्ये केबलवरच्या इंटरनेटला ‘माहिती सेवा’ ठरवलं आणि 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. त्यामुळे तीच तार, तोच खांब, तेच बिल. पण टीव्हीच्या ओळीवर शहराचा करार लागू होतो आणि इंटरनेटच्या ओळीवर नाही.

याचा पैशांवर परिणाम बघा. फ्रँचायझी शुल्क टीव्ही सेवेच्या एकूण उत्पन्नाच्या जास्तीत जास्त 5 टक्के घेता येतं. 100 डॉलरच्या टीव्ही बिलामागे 5 डॉलर शहराला. तुम्ही टीव्ही काढून नुसतं इंटरनेट ठेवलंत, तर तुमच्या घराकडून शहराला शून्य. तारेने व्यापलेली रस्त्याची जागा मात्र तेवढीच. घरोघरी टीव्ही कमी होतोय, तसतसा शहराचा हा झरा आटत चाललाय, आणि नव्या करारात काउन्सिल नरमाईने वागते त्यामागे ही चिंता पुष्कळदा असते. इथे एक बारीक कलम बघायला सांगा. टीव्ही आणि इंटरनेट एकत्र घेतलं की सवलत मिळते. ती सवलत हिशेबात कुठल्या ओळीतून वजा करायची? सगळी टीव्हीच्या ओळीतून वजा केली तर शहराचे 5 टक्के आपोआप कमी होतात. म्हणून ‘एकूण उत्पन्ना’च्या व्याख्येत सवलत दोन्हींवर प्रमाणात विभागायची असं लिहिलेलं हवं, आणि शहराला हिशेब तपासायचा हक्क हवा. मी वाचलेल्या मसुद्यांत हे वाक्य कधी असायचं, कधी नसायचं. नसलं की वित्त विभागाला पुढची दहा वर्षं काही करता येत नाही.

नूतनीकरण नाकारता येतं का? येतं, पण कायद्याने ठरवलेल्या चारच कसोट्यांवर. कंपनीने जुन्या कराराच्या मुख्य अटी पाळल्या का, सेवेचा दर्जा वाजवी होता का, तिची आर्थिक, तांत्रिक आणि कायदेशीर ऐपत आहे का, आणि गावाच्या पुढच्या गरजा, खर्चाचा विचार करून, ती भागवू शकते का. त्यासाठी औपचारिक प्रक्रिया असते. करार संपायच्या 36 ते 30 महिने आधीच्या खिडकीत नोटीस जाते, मग गावाच्या गरजांची पाहणी, मग प्रस्ताव, मग सुनावणी. प्रत्यक्षात बहुतेक शहरं हा खटाटोप न करता बोलणी करून करार संपवतात आणि कायदा त्यालाही मुभा देतो. मला यात काही गैर वाटत नाही. मात्र गरजांची पाहणी सोडून देणं गैर आहे. लोकांच्या तक्रारींची लेखी नोंद नसेल तर ‘अटी पाळल्या नाहीत’ हे शहर कशाच्या जोरावर म्हणणार? तुमची तक्रार फोनवर असेल तर ती हवेत गेली. ईमेलने शहराला पाठवलेली असेल तर ती फायलीत आहे.

सेवेच्या दर्जाबद्दल काउन्सिलला बरंच मागता येतं. एफसीसीचे किमान नियम आहेतच: फोन 30 सेकंदांत उचलला गेला पाहिजे, नेहमीच्या परिस्थितीत 90 टक्के वेळा, नवं कनेक्शन सात कामाच्या दिवसांत, बंद पडलेल्या सेवेचं काम 24 तासांत सुरू, माणूस घरी येण्याची वेळ चार तासांच्या आत बसणारी. शहर हे नियम लागू करू शकतं, करारात त्याहून कडक अटी ठरवू शकतं. पण दर तिमाहीला अहवाल आणि अट मोडली तर ठरावीक दंड, हे दोन्ही लिहिलेलं नसेल तर नियम असून नसल्यासारखे.

मग येतात सार्वजनिक चॅनेलं, जिथे काउन्सिलची बैठक, शाळेचे कार्यक्रम दिसतात. त्यांच्या कॅमेऱ्यांसारख्या भांडवली खर्चासाठी शहर 5 टक्क्यांच्या वर वेगळं शुल्क मागू शकतं, पगारासाठी नाही. शाळा आणि अग्निशमन केंद्रांना पूर्वी मिळणारं फुकट कनेक्शन आता तितकं फुकट राहिलं नाही. 2019 च्या एफसीसीच्या आदेशाने अशा वस्तुरूप सवलती 5 टक्क्यांत मोजायला लावल्या. शहरं कोर्टात गेली, 2021 मध्ये कोर्टाने आदेश बहुतांशी कायम ठेवला, पण मोजताना बाजारभाव नको, कंपनीला पडणारा प्रत्यक्ष वाढीव खर्च धरा, असं सांगितलं. हा भाग कर्मचाऱ्यांवर सोडा, तुमची मिनिटं यावर घालवू नका.

आता दोन्ही विषय जिथे एकत्र येतात ते कलम. माझ्या लेखी यापेक्षा मोठं काही नाही, आणि यावर माइकपुढे मी क्वचितच कुणाला बोलताना ऐकलं.

रस्ता रुंद करायचा, फुटपाथ बांधायचा, रेल्वेचा खांब उभारायचा, तर आधीच्या तारा हलवाव्या लागतात. कुणाच्या खर्चाने? वॉशिंग्टनच्या कायद्यानुसार शहराला रस्त्याच्या सार्वजनिक कामासाठी गरज पडली तर कंपनीने आपल्या खर्चाने हलवायचं. अपवाद आहेत: गेल्या पाच वर्षांत शहराच्याच सांगण्यावरून एकदा हलवलं असेल, किंवा नुसत्या शोभेसाठी हलवायला सांगितलं असेल, तर कंपनी पैसे मागू शकते. खांबांत जिची मालकी आहे अशा कंपनीला, खांबावरची तार जमिनीखाली न्यायला लावली, तर वाढीव खर्च मागता येतो. हे शहराच्या कामाचं झालं. पण काम साउंड ट्रान्झिटचं असेल तर? ते ‘सार्वजनिक काम’ धरायचं की ‘तिसऱ्या पक्षाचं’? इथे करारातल्या शब्दावर सगळं फिरतं. आणि ‘किती दिवसांत’ हा आकडा पैशांइतकाच महत्त्वाचा.

एका शहरात आम्ही शाळेच्या रस्त्याला फुटपाथ बांधत होतो. साधं काम, उन्हाळ्याच्या सुट्टीत संपवायचं. विजेचा खांब मागे सरकवला गेला, नवा उभा राहिला, विजेच्या तारा नव्यावर गेल्या. केबलची तार जुन्यावरच राहिली. मग जुना खांब तारेच्या उंचीपर्यंत ठेवून वरून कापला आणि त्याचा थोटका बुंधा नव्या फुटपाथच्या बरोबर मधोमध उभा राहिला. त्यावर काळ्या तारेचं भेंडोळं, दोरीने बांधलेलं. आमच्या करारात लिहिलं होतं ‘वाजवी मुदतीत’. मी पत्रं लिहिली, फोन केले, दर वेळी ‘यादीत आहे’. कंत्राटदाराचे लोक एक दिवस थांबले, दोन दिवस थांबले, मग दुसऱ्या कामावर गेले आणि थांबल्याचे पैसे शहराकडून घेऊन गेले. शाळा सुरू झाली तेव्हा मुलं त्या बुंध्याला वळसा घालून रस्त्यावर उतरत होती. व्हीलचेअरवरचा एक मुलगा होता, त्याची आई रोज त्याला उलट बाजूने लांबून आणायची. ते माझ्या डोळ्यांसमोरून आजही हटत नाही. तो करार माझ्या आधी झाला होता, पण दिवसांचा आकडा नसलेलं ते वाक्य मी कितीतरी वेळा वाचलं होतं आणि बदलायला सुचवलं नव्हतं.

पुढच्या शहरात नूतनीकरण माझ्या टेबलावर आलं तेव्हा मी त्या कलमावर अडून बसले. लेखी सूचनेपासून ठरावीक दिवस, मुदत उलटली तर शहर स्वतः हलवून बिल लावणार, आणि दुसऱ्या सरकारी संस्थेचं काम असलं तरी हेच कलम लागू. कंपनीचा वकील कुरकुरला. तेव्हा मला बळ मिळालं ते एका आजींमुळे. काउन्सिलपुढे त्यांनी भाषण केलंच नाही. चार फोटो आणले होते, प्रत्येकावर तारीख. घरासमोरच्या पायवाटेवर तार लोंबत होती, शेजारी त्यांनी मोजपट्टी धरली होती: पहिल्या फोटोत सात फूट दोन इंच, शेवटच्यात सहा फूट नऊ. मध्ये त्यांनी कंपनीला केलेले चार फोन, तक्रारीच्या क्रमांकांसह. सगळं मिळून दीड मिनिट. त्यांनी खाली बसताना विचारलं, ‘नव्या करारात ही किती दिवसांत उचलायची ते लिहिलंय का?’ नव्हतं लिहिलेलं. दुसऱ्या वाचनाच्या, म्हणजे मंजुरीच्या बैठकीपुढच्या, मसुद्यात ते आलं.

म्हणजे तुमच्या मागण्या तीन होतात, आणि तिन्ही रस्त्याच्या आहेत. फुटपाथचा तो तुकडा अनुदानाच्या अर्जात घ्या. तारा हलवायच्या आणि लोंबत्या तारा उचलायच्या कलमात दिवसांचा आकडा घाला, आणि ते रेल्वेच्या कामालाही लागू करा. करार दहा वर्षांऐवजी पाच वर्षांचा करा. पाच वर्षांचा आग्रह मी यासाठी धरते की टीव्हीचं उत्पन्न इतक्या वेगाने बदलतंय की दहा वर्षांनी आजचा हिशेब कुणाच्याच कामाचा राहणार नाही. कंपनी दहा मागेल, काउन्सिल मध्ये कुठेतरी थांबेल, पण मागणी नोंदवलेली बरी.

बोलायचं कधी? लोक शेवटच्या बैठकीला येतात, तोवर मसुदा पक्का झालेला असतो. स्टडी सेशनला, म्हणजे नुसत्या चर्चेच्या बैठकीला, जा किंवा निदान पहिल्या वाचनाला, म्हणजे ठराव पहिल्यांदा मांडतात तेव्हा. फ्रँचायझीचा ठराव ज्या दिवशी मांडला त्याच दिवशी मंजूर करता येत नाही. तुमच्यासारख्या कोड सिटीत (राज्याच्या ऐच्छिक नगरपालिका संहितेखाली चालणाऱ्या शहरात) त्यानंतर पाच दिवस जावे लागतात, मंजुरी नियमित बैठकीतच द्यावी लागते, आणि हजर असलेल्यांचं नाही तर एकूण काउन्सिलचं बहुमत लागतं, म्हणजे सातपैकी चार. हे पाच दिवस तुमचे आहेत. पहिल्या वाचनाला बोला, त्याच रात्री लेखी प्रत सिटी क्लार्कला, म्हणजे काउन्सिलची कागदपत्रं सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला, पाठवा, आणि दुसऱ्या वाचनाआधी मसुदा पुन्हा उघडून कलम बदललं का बघा. कधीकधी दुसरं वाचन ‘कन्सेंट अजेंडा’त टाकतात, म्हणजे दहा विषय एका हाताने मंजूर. तसं दिसलं तर एखाद्या सदस्याला आधी ईमेल करून तो विषय वेगळा काढायला सांगा. एका सदस्याने म्हटलं तरी पुरतं. आणि करार संपायला आला म्हणून घाई करायचं कारण नाही. काही महिन्यांची मुदतवाढ दोन्ही बाजू सहीने देतात, ते नेहमीचंच आहे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, सासूबाई बोलल्या तर चालेल का. चालेल. बैठक सर्वांना खुली असते, आत यायला कुणी नाव-पत्ता मागू शकत नाही. 2022 पासून, ज्या नियमित बैठकीत अंतिम निर्णय होणार तिथे लोकांचं म्हणणं तोंडी किंवा लेखी घेणं राज्याच्या कायद्याने सक्तीचं आहे. बोलणाऱ्यांच्या यादीत नाव घालावं लागेल, नागरिकत्व कुणी विचारणार नाही. त्या मराठीत बोलणार असतील तर दोन-तीन दिवस आधी क्लार्कला कळवा, दुभाषा मिळेल का विचारा. नाही मिळाला तर तुम्ही शेजारी उभ्या राहून भाषांतर करा आणि त्यासाठी वेळ दुप्पट मागून घ्या, बहुतेक क्लार्क देतात. जाण्याआधी एकदा त्यांच्यासोबत बसस्टॉपपर्यंत चालत जा. कुठे रस्त्यावर उतरावं लागतं तिथे थांबा, फोटो काढा, खांबांवरचे क्रमांक टिपा. सिग्नल हिरवा असताना त्या पलीकडे पोचतात का, ते घड्याळ लावून बघा. माइकपुढे तेवढंच सांगा: रस्त्याचं नाव, खांबाचा क्रमांक, सेकंद.